दुखवट्याला नवं हॉटेल

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी वारलं की दातारकाका आधी भटजींना फोन करायचे आणि मग हॉटेल शोधायला लागायचे.

हसू नका, खरं सांगतेय. घरातलं माणूस गेलं की सोयऱ्या-शेजाऱ्यांनी त्या घरच्यांना जेवू घालायचं, ही दुखवट्याची रीत काही काकांनी काढलेली नाही. पण नुसते डबे पाठवून भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. दिवस झाले की त्या माणसांना चपला घालायला लावायच्या, बाहेर न्यायचं. "पोटाला सुतक नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि हॉटेल असं हवं, की गेलेल्या माणसाने ते कधी पाहिलेलंच नाही. "ओळखीच्या टेबलावर ते माणूस आपल्या आधी येऊन बसतं हो!"

त्यामुळे कोपरपासून पार माजिवड्यापर्यंत कुठेही नवी पाटी लागली की काका-काकू आधी जाऊन जेवून येणार. तपासणी! उजेड भरपूर हवा, जुनी गाणी नकोत, बेसिनवर मोठा आरसा नको. हात धुताना माणूस स्वतःकडे बघतं आणि तिथेच कोसळतं, म्हणे. काकू मागून म्हणायच्या, "आणि डाळ तिखट नको. घसा आधीच दाटलेला असतो."

आम्ही मात्र धसका घेतलेला. काका एखाद्या नव्या हॉटेलबाहेर मेनूकार्ड वाचताना दिसले की आम्ही एकमेकांना विचारायचो, आता कोण? दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी आयसीयूत होते. काका भेटायला गेले आणि सहज म्हणाले, "स्टेशनजवळ छान हॉटेल निघालंय." कुलकर्णी दोन दिवसांत उठून घरी आले. आजही ठणठणीत आहेत, पण काकांशी बोलत नाहीत.

माझे सासरे, अप्पा, गेले तेव्हा मी तर भडकलेच होते. फोटोचा हार सुकला नाही आणि हा माणूस आम्हाला पनीर खायला नेतोय! गेलो शेवटी सासूबाईंना घेऊन. वेटर हसतमुख. "सर, ओकेजन क्या है? बर्थडे या अ‍ॅनिव्हर्सरी?"

"तेरावा," काका शांतपणे म्हणाले.

"काँग्रॅच्युलेशन्स सर!" त्या बिचाऱ्याला कुठलं मराठी कळतंय. शेवटी फुकट आइस्क्रीमसुद्धा आणलंन. सासूबाई फस्सकन हसल्या, हसता हसता रडल्या आणि मग पोटभर जेवल्या. काकांवरचा माझा राग तिथेच संपला.

आणि यंदा काकूच गेल्या. दुपारी जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मुलगा कॅनडाहून आला, दिवस करून परत गेला. काकांनी दार लावून घेतलं. आमचे डबे जसेच्या तसे परत यायला लागले. चहा-बिस्किटांवर माणूस किती तग धरणार? सदरा अंगावर नुसता लोंबायला लागला. आणि सगळी बिल्डिंग जिन्यात कुजबुजतेय, "यांना कोण नेणार?" ज्यांना ज्यांना या माणसाने उठवून जेवायला नेलं, तेच सगळे! मला असा संताप आला म्हणून सांगू. गेले वर आणि बेल दाबूनच धरली.

"मी नाही येणार गं," काका दारातूनच म्हणाले.

"आम्ही नाही म्हटलं तेव्हा तुम्ही ऐकलं होतं का?"

"तसं नव्हे. हॉटेलच उरलं नाही. प्रत्येक ठिकाणी ती माझ्याबरोबर आधी जेवून आलीय. जिथे ती बसली नाही, असं एक टेबल मला दाखव."

खाली आले. मग आम्ही नवीन हॉटेल उघडायची वाट बघत बसलो. माझा नवरा महेश कामावरून येताना प्रत्येक अर्धवट शटरखाली वाकून बघायचा. वर काका वाळत चाललेले आणि आम्ही कुठे टेबलखुर्च्या लागतायत ते शोधतोय! अखेर कोपरला, मोबाइलचं एक दुकान बंद पडलेलं, तिथे हॉटेल निघालं. रंगाचा वास अजून जायचा होता. ओढूनच नेलं त्यांना.

काका दारात थबकले. दिव्यांकडे बघितलं, बेसिन बघून आले, मग बसले. आमच्या ऋचाला म्हणाले, "तुला नूडल्स ना?" सगळ्यांची ऑर्डर त्यांनीच दिली. ऋचाने कॉलेजातल्या सरांची नक्कल केली, तर हसलेसुद्धा. आणि जेवले हो! डाळभात मागून घेतला. मी टेबलाखालून महेशचा हात दाबला. वाटलं, जिंकलो.

चालतच परत आलो. मी त्यांना वर दारापर्यंत सोडायला गेले. काकांनी कुलपाला किल्ली लावली आणि तसेच उभे राहिले.

"लागत नाहीये का, काका?"

"लागतेय." ते वळले. "एवढ्या माणसांना मी जेवायला नेलं. दाराशी सोडायचो, 'निजा आता स्वस्थ' म्हणायचो आणि घरी यायचो. कोण किती जेवलं ते हिला सांगायचो. पण दार लावून घेतल्यावर ती माणसं आत काय करायची, ते मी कधी कोणाला विचारलंच नाही. तुझ्या सासूबाईंनी काय केलं गं त्या दिवशी?"

खोटं बोलवेना. "भांडी घासत बसल्या, काका. घासलेलीच."

त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर त्यांचं स्वयंपाकघर. थोड्या वेळाने वर नळ सुटला, मग भांड्यांचा आवाज यायला लागला.

"मी जाऊ का वर?" महेशने विचारलं.

"नको," म्हटलं. "घासू देत."