तीन नंबर आणि शेजारचा निरोप

“मार लागीसन थोडाच मरतस. हुकूम ईसन जास्ती मरतस.”

समोरच्या दुकानातून सलीमचाचांचा आवाज आला. म्हसावदहून जळालेली मोटार घेऊन आलेल्या शेतकऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. कोण मेलं, कुणाच्या हुकमाने, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. मोटार कधी मिळेल एवढंच विचारून तो निघून गेला.

शहाद्यातल्या आमच्या गल्लीत सलीमचाचा पाण्याच्या मोटारी भरतात. जळालेली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची. मोटार उघडली की ते आधी नाक लावतात. डोळे मिटून वास घेतात आणि कुठलं वेटोळं आधी गेलं, कुठलं त्याच्या शेजाराने गेलं, ते सांगतात. माणसांशी मात्र कामापुरतं बोलतात. घरातलं सगळं बोलणं नसीमचाचीकडे होतं. ती रोज सकाळी आमच्या खिडकीखाली उभी राहून “आठे शे का वं?”, म्हणजे इथे आहेस का गं, असं विचारायची. मी मान हलवायची. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे अहिराणी समजायची, पण तोंडातून निघायची नाही. खरं तर कुठलीच भाषा फारशी निघायची नाही.

धडगावच्या घाटात जीप उलटली आणि चाचीच्या डोक्याला मार लागला; ती शुद्धीवर येईना. तिसऱ्या दिवशी चाचा दवाखान्याची फाइल घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मी बायोकेमिस्ट्री शिकते, हे त्यांना चाचीनेच सांगितलेलं. डॉक्टर म्हणाले होते की पुढचे काही दिवस महत्त्वाचे. चाचांचा प्रश्न एकच होता. मार तर लागून गेला, मग आता आत काय चाललंय?

मला बोलता येईना, म्हणून मी चिठ्ठीवर लिहून दिलं. माराने काही पेशी लगेच मरतात. बाकीच्यांपैकी पुष्कळ नंतर मरतात, स्वतःच्या आतल्या हुकमाने. एक एन्झाइम दुसऱ्याला जागं करतं. आठ आणि नऊ नंबरची कॅस्पेज नावाची एन्झाइम तीन नंबरला उठवतात, आणि तीन नंबर पेशीला आतून, अगदी शिस्तीत, उतरवून ठेवतं. परीक्षेसाठी मी हे दहादा लिहिलं होतं. चाचांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ते दोनदा वाचलं. एवढ्याशा पेशीत एवढा कारभार! त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना मलाही तो पहिल्यांदाच दिसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना गाठून विचारलं, “साहेब, तीन नंबर उठना का?” तीन नंबरच्या खाटेवरचा पेशंट कालच घरी गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाचा माझ्यावर रागावले, की ही चिठ्ठी डॉक्टरपर्यंत पोचलेलीच नाही.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. तीन नंबरला झोपवून कोण ठेवतं? मी लिहिलं: शेजारच्या पेशींकडून ‘जग’ असा निरोप येत राहिला, तर आतली दुसरी एन्झाइम हा हुकूम अडवून धरतात.

चाचांनी दुकान बंद केलं आणि मोबाइल घेऊन दारोदार फिरू लागले. नसीमसाठी निरोप सांगा. दूधवाल्याने सांगितलं की त्याची म्हैस व्याली. शिंपीणबाईंनी तर चाचीला पाच मिनिटं झापलं, की तुझा ब्लाउज तयार होऊन पडलाय, न्यायला कोण येणार? रोज दुपारी भेटीच्या वेळात चाचा ते सगळं चाचीच्या कानाशी वाजवत. तो निरोप म्हणजे रसायन असतं, शब्द नव्हे, हेही मी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. ती चिठ्ठी मी दिली नाही.

सगळी घरं झाली, तेव्हा ते आमच्याकडे आले. मी निरोप लिहिलेला कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

“तिले वाचता येस नही, बेटा.”

विचारायचं म्हणून मी नुसतं त्यांच्याकडे बोट केलं. तुमचा निरोप?

चाचा ओट्यावर बसले. तीस वर्षं तीच बोलत आली, म्हणाले, आपण मोटारींचे आवाज ऐकले. काल तिच्याजवळ बसून तोंड उघडलं, तर काय बोलायचं तेच कळेना. म्हणून गल्लीचं गोळा करतो. दुसऱ्यांच्या आवाजात तरी जाईल.

मोबाइलवरचा लाल ठिपका लुकलुकत होता. त्यांचा हात मोटारींच्या वॉर्निशने पिवळा झालेला होता. मोबाइल त्यांनी माझ्यापुढे धरून ठेवला होता. घाई केली नाही.

मी वाकले, आणि म्हणाले, “चाची, मी शे. चाचाबी आठेच शे. तू ऱ्हाय.”