आबांच्या वाट्याचा धूर

आमचे शेजारी आबा कांबळे निवृत्त झाले, पण विमान कंपन्यांच्या वतीने बोलायचे थांबले नाहीत. मुंबईच्या विमानतळावर जन्मभर विमानांत सामान चढवलेले आबा आता आमच्या विश्रामबाग भागात दारात पेपर वाचत बसत आणि जगभरच्या विमान कंपन्यांना ‘आमी’ म्हणत.

विमानांच्या धुराने पृथ्वी तापते, अशी बातमी मी त्यांना जरा विजयी आवाजात वाचून दाखवली.

“आमाला मान्य न्हाई,” आबा म्हणाले. “सर, आदी तुमची स्कूटर बगा.”

माझी स्कूटर सुरू झाली की गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे आत न्यायच्या. कॉलेजात पर्यावरण शिकवायला मी तिच्यावरूनच जायचो. वाद तिथेच संपला.

पुढे पेपरात विमान कंपन्यांचा सूर बदलला, तसा आबांचाही.

“आमी आता तयार हाय. कर नको, पण धुराची देवघेव चालंल. परत्येकाला धुराचा वाटा ठरवून द्यायचा. ज्याचा धूर कमी, त्यानं उरलेला वाटा जास्तवाल्याला द्यायचा.”

“आणि आजवरचा विरोध?”

“तवा आमाला कुणी नीट सांगितलं नव्हतं.”

एका सकाळी ते माझ्याकडेच आले. “सर, म्हैनाभर चालत जाल का? तुमचा वाटा मला पायजे. कॅनडाला जायचंय.”

तिकडे त्यांची मुलगी सुनंदा होती. तिने तिकडेच स्वतः लग्न जमवलं, तेव्हा मात्र “येवढा धूर कशाला करायचा” असं निमित्त सांगून आबा गेले नव्हते. त्यानंतर बाप-लेकीची भेटच नाही. आता तिला मुलगी झाली होती आणि तिने स्वतः फोन केला होता.

मी कबूल झालो. कॉलेजात पोचेपर्यंत इतकी धाप लागायची की पहिला तास निम्मा गप्पच जाई. पृथ्वीच्या काळजीने सरांचा कंठ दाटतो, असा विद्यार्थ्यांचा समज झाला. मी तो खोडला नाही.

जायच्या दिवशी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. आबा बॅगेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होते.

“विमानाची भीती वाटते का?” मी विचारलं.

“विमानाची कशाला?” आबा म्हणाले. “सर, तुमी बोलणारं माणूस. सुनंदा समोर आली की पयलं काय म्हणू?”

बोलण्यावर पोट भरणारा मी एक वाक्य जुळवू लागलो. तेवढ्यात मुंबईची गाडी लागली. आबा उठले.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “आदी बाळालाच उचलून घेतो. मग बोलाय लागत न्हाई.”