सहा ठोकळे एका रेषेत

लेकीने गिटारचा नवाकोरा ब्रिज हातात ठेवला तेव्हा गुण्यासाहेबांना अगदी भरून आलं. चौतीस वर्षं कारखान्यात सुटे भाग तपासून ते निवृत्त झाले होते. काटकोन तपासायच्या गुण्यासारखी नजर, म्हणून तिथे हे नाव पडलेलं. घरीसुद्धा दारातल्या चपला आणि भिंतीवरचे फोटो त्यांच्या तावडीतून सुटत नसत. फक्त लेकीच्या इलेक्ट्रिक गिटारला हात लावायची त्यांना बंदी होती, आणि आज ती बंदी तिने आपण होऊन उठवली होती.

"बाबा, जुना ब्रिज पार गंजलाय. तो काढून हा बसवा. तारा मी आल्यावर चढवते. सहाला कार्यक्रम आहे, तेव्हा फक्त बसवा हं. वर आणखी कलाकुसर नको."

"मी कधी कलाकुसर केलीय?"

स्वयंपाकघरात बायकोला ठसका लागला.

ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर बसणारी धातूची बैठक. तिच्यावर सहा छोटे ठोकळे, एकेका तारेला टेकायला एकेक. भोकं तंतोतंत जुळली आणि काम वीस मिनिटांत संपलं. तिथेच घात झाला, कारण हातात वेळ उरला. चष्मा पुसून बघतात तर काय, सहा ठोकळे सहा ठिकाणी! एक पुढे, दुसरा मागे, तिसरा त्याहून मागे.

"अगं, हे बघ! हा माल पास कुणी केला?"

"अहो, फक्त बसवा म्हणाली ना ती?"

"म्हणून काय पोरीला वाकडा माल देऊन स्टेजवर पाठवू?"

त्यांनी स्टीलची पट्टी लावून सहाही ठोकळे एका रेषेत आणले. ते पुन्हा हलू नयेत म्हणून मशीनचे स्क्रू जाम करायचा निळा डिंकही एकेका स्क्रूवर सोडला. काय देखणं दिसत होतं!

चार वाजता लेक आली. तारा चढवल्या, सूर लावले. मोकळ्या तारा गोड वाजल्या तसे गुण्यासाहेब खुर्चीत रेलले. मग तिची बोटं दांडीवर वर सरकली आणि गिटारने असा गळा काढला की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

"बाबा, हे सरळ कुणी केले?"

"मीच!" ते अजून कौतुकाची वाट बघत होते.

"अहो, प्रत्येक तार वेगळ्या जाडीची. म्हणून प्रत्येकीची लांबी जराशी कमीजास्त ठेवतात. ते मागेपुढेच असतात!" तिने स्क्रू ड्रायव्हर लावला. "आणि हा फिरत का नाही?"

"फिरू नये म्हणूनच तर..." म्हणता म्हणता त्यांची नजर निळ्या डिंकाच्या बाटलीकडे गेली.

लेकीने फक्त घड्याळाकडे पाहिलं. ओरडली असती तर परवडलं असतं. पहिल्यांदा विश्वासाने काहीतरी सोपवलं होतं तिने, आणि आपण त्याची पार माती केली, असं त्यांना वाटलं. ते उठले आणि सोल्डर गन घेऊन आले. डिंक तापला की सुटतो, एवढं तरी त्यांना ठाऊक होतं. ते एकेक स्क्रू तापवायचे, ती फिरवायची.

"किती मागे?"

"सूर लागेपर्यंत."

"आकडा सांग ना."

"आकडा नसतो बाबा. ऐका."

आजवर ज्याला ते खरखर म्हणत आले, ते आज कान देऊन ऐकू लागले. चार तारांपर्यंत त्यांना ढिम्म कळलं नाही. पाचवीला मात्र एकदम म्हणाले, "थांब. किंचित पुढे घे."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग सूर मोजणाऱ्या ट्यूनरकडे. काटा खरंच जरासा कमी पडत होता. तिने ठोकळा केसभर पुढे घेतला आणि काटा मधोमध येऊन थांबला.

सव्वापाचला सहाही तारा जमल्या. बायकोने डोकावून विचारलं, "झालं का एकदाचं सरळ?"

"सरळ नाही झालं," गुण्यासाहेब म्हणाले. "बरोबर झालं."

लेकीने गिटार पाठीला अडकवली. "बाबा, चला. उशीर होतोय."

"मी कशाला?"

"म्हणजे काय? पाचवी तार बिघडली तर मी कुणाला विचारू?"

आजवर तिच्या एकाही कार्यक्रमाला ते गेले नव्हते. दारात सगळ्यांच्या चपला ओळीने लागलेल्या होत्या. त्यातल्या आपल्या त्यांनी घाईघाईने पायांत सरकवल्या, उजवी डाव्यात आणि डावी उजव्यात, आणि रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.