जगदेवची मिशी आणि पुंजाजीची तेरवी

मिशी काढायचीच, असं आसेगावच्या पुंजाजीच्या लेकानं, जगदेवनं ठरवलं, त्याला कारण पंचफुला. शेलूबाजारच्या बापूराव माळ्याची ही लेक. सोयरिकीचं बोलणं झालं होतं, फक्त होकार यायचा होता. "पोरीले इचारतो आन् सांगतो," असं बापूराव म्हणाले होते. नेमक्या त्याच आठवड्यात जगदेव बाजारात तिच्या भाजीच्या दुकानावरून गेला, तर पंचफुलानं त्याच्या मिशीकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून खुदकन हसली. जगदेवचा जीव कासावीस झाला. एवढी तेल पाजून वाढवलेली मिशी, आणि आता तीच संसाराच्या आड येत होती.

गावचा न्हावी भारी चौकश्या करणारा. म्हणून पुढल्या बाजारी जगदेवनं वाटेत मंगरूळच्या एका अनोळखी न्हाव्यापुढं बसकण मारली.

"मिशी काढाची हाये."

न्हाव्यानं हात जोडले, चेहरा पाडला आणि मुकाट्यानं वस्तरा हाती घेतला. जगदेवनं डोळे मिटले. पंचफुलाच्या विचारात तो असा गुंगला, की डोळे उघडले तेव्हा मिशीबरोबर डोकंही सफाचट झालं होतं.

"धीर धर बाप्पा," न्हावी म्हणाला. लग्नाचं याला कसं कळलं, याचंच जगदेवला नवल वाटलं. डोक्यावर फेटा चढवून तो तडक शेलूबाजारला आला.

पंचफुलानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. 'काम झालं,' जगदेव मनात म्हणाला. तेवढ्यात बापूरावांनी त्याला पाहिलं आणि भर बाजारात त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "पुंजाजी गेला रे! माहा सोयरा गेला!"

तेव्हा कुठं जगदेवच्या डोक्यात उजेड पडला. बाप मेल्याशिवाय आपल्याकडं कुणी मिशीला वस्तरा लावत नाही, ही साधी गोष्ट प्रेमाच्या भरात तो साफ विसरला होता.

"मामा, बा जित्ता हाये!"

"मंग मिशी काहून काढली?"

पोरीसमोर, तिच्या आईसमोर काय सांगणार? जगदेवनं फेटा आणखी खाली ओढला. बापूरावांनी त्याचा फेटा उचलला. खाली डोकं तुळतुळीत. बघे हळहळले.

"दुःखानं येडा झाला पोट्टा," पंचफुलाची आई गिरजाबाई डोळे पुसत म्हणाली. "दहावा झाला, आन् आमाले सांगावाबी नाई!"

"परवा तेरवी असन. बैलबंडी जुपा, वांगे भरा," बापूराव म्हणाले. "आता सालभर याच्या घरात लग्न नाई. पोरीसाठी केनवडचं स्थळ पाहा लागन."

वाटभर जगदेव वांग्यांच्या पोत्यावर बसून "बा जित्ता हाये" म्हणत होता आणि गिरजाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. पंचफुला पुढं बसून स्फुंदत होती.

आसेगावात पुंजाजी अंगणात खाटेवर चिलीम ओढत बसला होता. रडत आलेली बंडी बघून त्याचं काळीज चरकलं. "कोन गेलं हो?" म्हणत त्यानंही गळा काढला आणि बापूरावांना मिठी मारली. दोघं मनसोक्त रडले. मग आपण कुणाला कवटाळलंय ते बापूरावांना दिसलं आणि ते दोन हात मागं सरकले.

"पुंजाजी! तू?"

"मंग कोन?" पुंजाजीनं डोळे पुसले, तेव्हा त्याला लेकाचं तोंड दिसलं. तो काठी शोधू लागला. "बह्याडा, मी जित्ता असतानी मिशी काढली? काहून?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "पंचफुला हासली होती मिशी पाहून," जगदेव कसाबसा म्हणाला.

सगळ्यांनी पंचफुलाकडं पाहिलं. ती आईच्या आड झाली. "मिशीले नाई हासली मी. मिशीले पिठलं लागलं होतं." मग आणखी हळू म्हणाली, "मी तं मिशी पाहूनच हो म्हननार होती."

जगदेवला इतकं हायसं वाटलं, की काठीचा पहिला फटका बसला तरी त्याला कळला नाही. केनवडचं स्थळ गेलं उडत!

वांगी परत कशाला न्यायची, म्हणून चूल पेटली. पुंजाजीनं आपल्या तेरवीची भाजी तीनदा मागून घेतली आणि मीठ कमी आहे असंही सांगितलं. लग्न वैशाखात ठरलं. तोवर मिशी पुरती येईल, असा सगळ्यांचा अंदाज होता.

बंडी निघाली तेव्हा जगदेव पंचफुलाकडं पाहत उभा राहिला. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती पुन्हा खुदकन हसली. जगदेवचा हात झटकन वरच्या ओठावर गेला. तिथं मिशी नव्हती, पण वांग्याची भाजी होती.