ओळ संपवू नये

आमच्या भाषांतर कार्यालयात बारा भाषांतरकार, एक संचालक आणि तीन प्रकारचे संगणक होते. भाषांतरकारांकडे जुने, जावक विभागाकडे त्याहून जुने आणि संचालकांकडे कोरा करकरीत. म्हणजे ज्याला काम जास्त, त्याचे यंत्र जुने, असा साधा नियम होता. तिन्हींच्या ऑपरेटिंग सिस्टीम वेगवेगळ्या होत्या, पण त्याचा त्रास कधी झाला नाही, कारण संचालकांनी आपला संगणक सुरूच केला नव्हता. एका सोमवारी त्यांनी तो सुरू केला.

आम्ही ज्यात लिहितो तो एडिटर त्यावर उघडेना.

हा एडिटर नऊ वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयातल्या प्रोग्रामर बाईंनी लिहिला होता. त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले संचालकही. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे आपले भाषांतर, अशी सोय. शिवाय त्यात एक खास गोष्ट होती. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ भाषांतरकार पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून ते मास्तर. त्यांची नजर दरवर्षी थोडी थोडी विझत चालली होती. त्यांच्यासाठी ताईंनी एडिटरमध्ये अक्षर तळहाताएवढे करायची आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून दाखवायची सोय केली होती. कार्यालयातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद शेवटी मास्तर ऐकत. ऐकता ऐकता त्यांची भुवई वर गेली, की आम्ही निमूटपणे आपली चूक शोधायला लागायचो.

संचालकांनी ताईंना बोलावले. टिपणे घ्यायला मीही होतो.

"सोपं आहे, साहेब," ताई म्हणाल्या. "सोर्स कोड, म्हणजे एडिटरचं मूळ लिखाण, एकच आहे. ज्या यंत्रावर एडिटर बांधायचा, त्या यंत्राला तो आधी प्रश्न विचारतो. आवाज आहे का, अक्षर मोठं करता येतं का, फाइली कशा ठेवतोस. उत्तरं मिळतील तसा तो स्वतःला जुळवून घेतो. जे नसेल त्याच्यावाचून भागवतो. तिन्ही मिळून दोन दिवसांचं काम."

"प्रश्न कोण विचारतं?"

"सोर्स कोड."

"कोणाला?"

"यंत्राला."

"आणि यंत्र परस्पर उत्तर देतं?"

"हो."

संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे या कार्यालयात माझ्या सहीशिवाय प्रश्नोत्तरं चालली आहेत."

दुसऱ्याच दिवशी 'आंतरप्रणाली संरचना समन्वय समिती' स्थापन झाली. अध्यक्ष संचालक, सदस्य हेडक्लार्क व जावक विभागाचे प्रमुख, आणि टिपणकार मी. ताईंना समितीत घेतले नाही, कारण त्यांना विषयाची माहिती असल्याने त्यांचे मत पूर्वग्रहदूषित असण्याची शक्यता होती. त्यांनी बाहेरच्या बाकावर बसायचे आणि बोलावल्यास आत यायचे, असे ठरले.

सोर्स कोड एकूण दोनशे तेरा प्रश्न विचारत असे. ते सगळे छापून घेण्यात आले आणि प्रत्येकाची स्वतंत्र फाइल झाली. पहिला प्रश्न होता, 'या यंत्रावर ध्वनीची सोय आहे काय?' एरवी याचे उत्तर यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच देई. समितीला तीन आठवडे लागले, आणि त्यातून जे बाहेर आले त्याने समिती हादरली. आमच्या संगणकांवर ध्वनी होता, साहेबांच्या होता, जावकच्या नव्हता.

"हा उघड पक्षपात आहे," हेडक्लार्क म्हणाले.

"मग जावकला एक स्पीकर आणून देऊ," ताई दारातून म्हणाल्या.

"तुम्हाला बोलावलं होतं का?" हेडक्लार्कांनी विचारले.

त्या दिवशी समितीने समान न्यायाचे तत्त्व मंजूर केले. जी सोय कोणत्याही एका यंत्रावर नसेल, ती सर्व यंत्रांवर बंद. वाचून दाखवण्याची सोय त्याच दुपारी गेली. पडद्यावरचे अक्षर मोठे करण्याची पुढच्या बुधवारी. ओळ कागदाच्या काठाशी आली की आपोआप खाली वळवण्याची सोय त्यानंतरच्या सोमवारी. देणे कठीण असते, काढून घेणे सोपे, त्यामुळे समितीच्या कामाला आता चांगलाच वेग आला.

अडचण आली ती फाइलींच्या पत्त्याशी. फाइल कुठे आहे हे सांगताना एक यंत्र उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ वापरते, दुसरे डावीकडे झुकलेली. साहेबांच्या यंत्राची बाजू घ्यावी, असे हेडक्लार्कांचे मत होते. जावकप्रमुख म्हणाले, आमच्या विभागात तीस वर्षे दुसऱ्या बाजूला रेघ आहे. शब्दाने शब्द वाढला. अखेर संचालकांनी तोडगा काढला की रेघ उभी असावी, म्हणजे ती कोणाकडेच झुकणार नाही. सगळ्यांनी बाके वाजवली. उभी रेघ तिन्ही यंत्रांना समजेना, त्यामुळे जतन केलेली फाइल पुन्हा सापडेना. म्हणून जतन करण्याची सोय बंद केली. लिहा, छापा, विसरा.

मग आला ओळीच्या शेवटाचा प्रश्न. ओळ संपली हे कळण्यासाठी संगणक एक अदृश्य खूण ठेवतो. काही यंत्रे एक ठेवतात, काही दोन.

"एक की दोन?" संचालकांनी विचारले.

ताईंना आत बोलावले गेले. "दोन्ही चालतात, साहेब. सोर्स कोड आपलं आपण बघून घेईल. हा प्रश्न माणसांनी सोडवायचाच नाहीये."

"माणसांनी सोडवायचा नाही, तर समिती कशाला आहे?"

ताई पुन्हा बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. चार बैठकांत एकमत झाले नाही. पाचव्या बैठकीत ठराव झाला. तो माझ्याच अक्षरात आहे, म्हणून शब्दशः देतो: 'ओळीचा शेवट कोणत्या खुणेने करावा याबाबत सहमती न झाल्याने, पुढील आदेश होईपर्यंत ओळ संपवू नये.'

समितीने सांगितल्याप्रमाणे ताईंनी सेटिंग भरली आणि एडिटर बांधायला घेतला. पडद्यावर भराभर पिवळी अक्षरे यायला लागली.

"हे काय?" संचालक मागे उभे होते.

"इशारे आहेत, साहेब. एकेचाळीस. बांधताना ज्या गोष्टी पुढे गोत्यात आणतील, त्या तो आधीच सांगतो."

"बंद करता येतात?"

"इशारे बंद करता येतात. गोता नाही."

"मग इशारे बंद करा."

एडिटर तिन्ही यंत्रांवर बांधून झाला. उद्घाटनाला वरिष्ठ कार्यालयातून पाहुणे आले. तीन पडद्यांवर तीन पांढऱ्या चौकटी उघडल्या, तिन्हींत एकेक रेघ लुकलुकत होती. पाहुणे म्हणाले, "किती स्वच्छ!" आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर प्रमाणपत्रे वाटली गेली. 'नवीन एडिटर वापरताना मला कोणतीही अडचण नाही', खाली सहीपुरती जागा. अडचण लिहायला जागा नव्हती. मी सही केली. माझ्या शेजारणीने केली. तिच्या शेजाऱ्याने आमच्या दोन सह्या पाहून केली.

मास्तरांनी विचारले, "यावर काय लिहिलंय?" मी सांगितले.

"पण मला आहे ना अडचण. मला दिसत नाही."

"मास्तर, सगळ्यांनी केलीय सही."

"सगळ्यांना दिसतं म्हणून?"

त्यांनी कागद परत दिला. ताईंनीही सही केली नाही. त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर एकेचाळीस इशारे आपल्या हाताने लिहून दिले. समितीने शेरा मारला की कागदाची चुकीची बाजू वापरल्याने विचार करता येत नाही. मास्तरांच्या बाबतीत निष्कर्ष निघाला की दोष एडिटरमध्ये नसून डोळ्यांत आहे आणि डोळे समितीच्या कार्यकक्षेत येत नाहीत. त्यांना जावकच्या खिडकीत शिक्के मारायला बसवले. शिक्का चाचपून मारता येतो.

आम्ही अकरा जण पेनाने लिहायला लागलो. पक्का मजकूर मात्र नव्या एडिटरमधूनच छापायचा, असा आदेश होता. ओळ संपत नसे, वळत नसे, काठाबाहेरचे छापले जात नसे. तेव्हा आम्ही काठाच्या आत मावेल इतकेच लिहायला शिकलो. 'आपला अर्ज मिळाला.' 'विचार चालू आहे.' लोकांना पूर्वी दोन पानांतून जे कळत असे, तेच आता दोन शब्दांत कळू लागले. वरिष्ठ कार्यालयाने आमच्या काटकसरीचे लेखी कौतुक केले.

आणि मग पाणी खात्याची सूचना आली. शहराची मोठी जलवाहिनी फुटली होती आणि गटाराचे पाणी तिच्यात शिरले होते. तासाभरात भाषांतर हवे होते. ते माझ्याकडे आले. मी लिहिले: 'नळाचे पाणी पिण्यास योग्य आहे असे पुढील सूचना मिळेपर्यंत कोणीही समजू नये व ते उकळूनच प्यावे.' खरे सांगतो, वाक्य लिहून झाल्यावर मला जरा बरे वाटले. पुष्कळ दिवसांनी पूर्ण वाक्य लिहिले होते, त्या भरात काठ विसरलो.

जावकच्या संगणकावर मीच ते टंकले, छपाईच्या ठळक मोठ्या टाइपात, कारण सूचना महत्त्वाची. गठ्ठे छापून खिडकीशी आले. मास्तरांनी शिक्का उचलला आणि थांबले.

"वाच रे."

"नळाचे पाणी पिण्यास योग्य आहे."

"पुढे?"

मी कागद उलटसुलट केला. "पुढे काही नाही."

"पूर्णविराम आहे?"

"नाही."

"मग ते संपलेलं नाही. पळ, थांबव छपाई."

मी संचालकांच्या खोलीत धावलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, कपाटातून फाइल काढली आणि माझे प्रमाणपत्र माझ्यासमोर ठेवले.

"ही सही तुमची?"

"हो."

"अडचण नाही, असं तुम्ही लिहून दिलंय. आता अडचण आहे म्हणालात, तर हे खोटं ठरतं. खोटं लिहून देणाऱ्याचं काय होतं, तुम्हाला सांगायला नको. बोला. काही अडचण?"

खोलीत पंखा फिरत होता. मला मुलीची शाळा आठवली, घर आठवले, निवृत्तीला राहिलेली आठ वर्षे आठवली. पाणी आठवले नाही.

"तसं काही नाही, साहेब."

बाहेर आलो तर मास्तर वाट पाहत होते. "थांबवलं?"

"बघताहेत," मी म्हणालो.

मास्तरांनी शिक्का खाली ठेवला आणि पुन्हा हातात घेतला नाही. शिपायाने बाकीच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारले.

आठ दिवस शहर पोट धरून बसले होते. इस्पितळांत खाटा कमी पडल्या, माणसे जिन्यांत झोपवली. माझी मुलगी तीन दिवस सलाइनवर होती. घरात पाणी उकळायला सांगायचे मी विसरलो नव्हतो, पण तिच्या शाळेतही सूचना पोहोचली होती.

चौकशी झाली. समितीचा निष्कर्ष असा की वाक्य पूर्ण होते, कागद अपुरा होता. तरी कोणावर तरी जबाबदारी ठेवणे भाग होते. प्रमाणपत्रे तपासली गेली. अकरा जणांनी एडिटर ठीक असल्याची ग्वाही दिली होती, तेव्हा ते निर्दोष. सही न करणारे दोनच. मास्तरांना घरी पाठवले आणि एडिटर जिने लिहिला, तिनेच त्यावर अविश्वास दाखवला, म्हणून ताईंना काढून टाकले.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी ताई मास्तरांच्या घरी गेल्या. मी सोबत गेलो. का, ते त्यांनी विचारले नाही. मास्तरांचा स्वतःचा संगणक होता, मुलाने पाठवलेला, चौथ्याच कुठल्या तरी सिस्टीमचा. ताईंनी त्यावर मूळ सोर्स कोड चढवला. दोनशे तेरा प्रश्न सरसर वर गेले, दोनशे तेरा उत्तरे आली. मास्तरांच्या बायकोने चहा आणला तेव्हा एडिटर तयार होता. पडद्यावर तळहाताएवढे अक्षर उमटले. मास्तर पुढे वाकले आणि एकेक अक्षर वाचू लागले. आता ते घरून भाषांतरे करतात. कामाला तोटा नाही.

मला बढती मिळाली. टिपणांतले अक्षर स्वच्छ आहे म्हणून त्या सूचनेची कागदपत्रे अभिलेखात लावायचे काम माझ्याकडे दिले आहे. पाणी खात्याने सूचना घरोघर देऊन पोच घेतली होती. छापील पोच होती, 'वाचले व समजले', खाली सही. अडतीस हजार चारशे सह्या आहेत. पुढे काय, असे एकानेही विचारलेले नाही.

मी त्या एकेक करून लावतो आहे. तुमचीही सापडली. सही झोकदार आहे तुमची.