मशीनला शिकवणारे आण्णा

शुगरच्या माणसाची गोष्ट म्हटलं की तुम्हाला वाटणार, आता चोरून जिलेबी खाल्ल्याचा किस्सा येणार. न्हाय येत. आमच्या आण्णांनी जन्मभर गूळ काढला, पण शुगर निघाल्यापासून बोटाला लागलेला पाकसुद्धा चाटला नाही. त्यांचा नाद वेगळाच. बोटावरचा रक्ताचा थेंब बघून ते शुगर सांगायचे.

कोल्हापुरात ज्या हॉलमध्ये माझ्या बाबांचं, तेही शुगरवालेच, डायलिसिस चालतं, तिथं शेजारच्या बेडवर आण्णा. गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. जुने गुळव्या. काहिलीतला पाक नुसता डोळ्यानं ओळखायचा, हा त्यांचा धंदा. सिस्टरनं बोट टोचलं की थेंब उजेडाकडं धरून म्हणायचे, "एकशेचाळीस. लिवा."

मशीन दाखवायचं दोनशे दहा.

"नवं हाय मशीन," आण्णा सिस्टरची समजूत काढायचे. "शिकंल हळूहळू."

एकदा त्यांचा तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट झकास आला. आण्णांनी तो हॉलभर फिरवला. "बघा पावणं, शुगर गेली पळून!"

डॉक्टर म्हणाले, "आण्णा, डायलिसिसवाल्यांना हा रिपोर्ट फसवतो. अंगात रक्त कमी, म्हणून आकडा खोटाच कमी येतो. आपण बोट टोचूनच बघायचं. आणि किडनी गेली की इन्शुलिन अंगात रेंगाळतं. उपाशीपोटी यायचं नाही."

"उपाशी? सूनबाई सोडती व्हय? दोन भाकरी, वर दही!"

"सोबत कोण आलंय?"

"पोरगा. खाली गाडी लावतोय."

हा पोरगा आम्ही कधीच बघितला नाही. मी हनुवटी वर करून आण्णांची नक्कल करायचो, "पोरगा गाडी लावतोय, पन्हाळ्यापतोर जागाच गावंना!" नळ्या लावलेली माणसं हसायची. आण्णा सगळ्यात मोठ्यानं.

परवा नक्कल केली आणि आण्णा हसलेच नाहीत. कपाळावर घाम, नजर छताला. सिस्टरनं पळत येऊन बोट टोचलं. "आण्णा, किती?" आण्णा थेंबाकडं नुसते बघत राहिले. मशीननं बेचाळीस दाखवलं. नळीतनं ग्लुकोज गेलं, तेव्हा कुठं डोळ्यांत ओळख आली.

"आण्णा, भाकरी खाल्लीती न्हवं?" मी विचारलं.

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "पोरगा-सून पुण्याला जाऊन लई दिस झालं. सकाळी इंजेक्शन तेवढं घेतलं. एकट्यासाठी चूल पेटवाय मन हुईना." मग बारीक आवाजात म्हणाले, "सोबत माणूस न्हाय म्हणलं, तर हितं घेत्यात व्हय?"

मी बिस्कीट पाण्यात बुडवून त्यांना भरवत बसलो. सिस्टर म्हणाली, "सोबतीला ह्या पोराचं नाव लावते."

ती वळते न वळते तोच आण्णा माझ्यावर कडाडले.

"माझ्या तोंडाकडं काय बघत बसलाईस रं? समदी माझ्याकडं पळाली, तुझ्या बाचं बोट टोचायचं तसंच ऱ्हायलंय! मगापास्नं तुझ्याकडं बघतोय त्यो बिचारा, दिसंना व्हय? नकला करतोय मोठा! लेक उशाशी आसून बानं वाट बघायची, मग जवळ ऱ्हाऊन उपेग काय तुझा? ऊठ! जा त्येच्याकडं!"