म्यूटवर ठेवलेला दयाळ

एका जंगलात रेंज फक्त एकाच झाडावर यायची. ते झाड म्हणजे टेकडीवरची वाळलेली सावर. तिला ना पान, ना सावली. पण रेंज होती, म्हणून जंगलात तिला फार मान होता.

मुलांनो, जंगलात मोबाईल कुठून आला असं विचारू नका. सहलीला आलेली माणसं तो सावरीवर विसरून गेली. त्याचं चार्जिंग कसं संपलं नाही, हेही विचारू नका. गोष्टीतला कोल्हा बोलतो तेव्हा तुम्ही निमूट ऐकता ना? मग मोबाईलनेच तुमचं काय घोडं मारलंय?

टेकडीच्या पायथ्याशी एक जांभूळ होतं. त्याच्या ढोलीत दयाळ पक्ष्याचं कुटुंब राहायचं. बाप दयाळ, आई दयाळीण आणि त्यांचं एकुलतं एक पिल्लू, गंधार.

दयाळांमध्ये एक रीत आहे. त्यांच्यात झाड कुणाच्या नावावर नसतं. चैत्रात पहाटे शेंड्यावर बसून जो गातो, झाड त्याचं. दुसरा कुणी येऊन त्याच्याहून चांगला गायला, तर पहिल्याने मुकाट्याने ढोली सोडायची. आरडाओरडा नाही, चोची मारणं नाही. ओढ्यापलीकडचा एक दयाळ दर चैत्रात यायचा, आपल्या दयाळाचं गाणं ऐकायचा, आणि उगाच आलो म्हणत परत जायचा.

गंधार घरीच शिकत होता. बापाने उडायला शिकवलं, आईने किडे धरायला. जंगलातली सगळीच पिल्लं अशी शिकतात. पण दयाळीण त्याला होमस्कूलिंग म्हणायची, त्यामुळे शेजारीपाजारी जरा दबून असायचे.

राहिलं गाणं.

"त्यात काय," बाप म्हणाला. "मी गातो, तो ऐकेल. मी माझ्या बापाचं ऐकूनच शिकलो."

"अहो, तेच तर!" दयाळीण म्हणाली. "तुम्ही शिकलात कुठे? नुसतं ऐकलंत. उद्या कुणी विचारलं, पोरगा गाणं कुणाकडे शिकतो, तर काय सांगू? घरीच, बापाकडे?"

"हो."

"कसं दिसतं ते!"

ते कसं दिसतं हे बापाला काही दिसेना. पण खारीची पोरगीसुद्धा सावरीवर ऑनलाइन गाण्याच्या क्लासला जायला लागली होती. खारीला गाणं येत नाही, खारीच्या आजीलाही येत नव्हतं. मग जातिवंत गवयाच्या पोराने मागे राहायचं?

क्लास पोपटसर घ्यायचे. ते शहरात एका बाल्कनीत राहत. त्यांच्या घराला चारी बाजूंनी चकचकीत तारा होत्या, आणि दाराला बाहेरून कडी होती. जंगलातल्यांना वाटायचं, काय स्टुडिओ आहे!

पहिल्याच पहाटे सर म्हणाले, "सा म्हणा, सा... अरे, मागे कोण ओरडतंय?"

मागे बाप दयाळ जांभळाच्या शेंड्यावर गात होता.

"माझे बाबा आहेत, सर," गंधार म्हणाला.

"डिस्टर्ब होतंय. त्यांना म्यूट करा."

दयाळीण तशीच खाली झेपावली. "अहो, गप्प बसा जरा. पोराचं गाणं चाललंय."

बाप गप्प बसला. ओढ्यापलीकडे जाऊन गावं, तर ती दुसऱ्याची हद्द. क्लास सुटल्यावर गावं, तर तेव्हा गंधारचा रियाज. आणि रियाजाच्या वेळी बापाचं गाणं कानावर पडलं तर पोराचा पाया कच्चा राहतो, असं सरांनी बजावलं होतं. म्हणून बाप गप्पच राहिला. हळूहळू त्याला सवय झाली. घरातल्यांना तर आधीच झाली होती.

एकदा क्लासला निघताना गंधार दारात थांबला. "बाबा, मला उडता येत नव्हतं तेव्हा तुम्ही पहाटे गायचात ना, ते एकदा म्हणा ना."

बापाने मान ताठ केली. गळा फुगवला.

"अरे, सर आलेसुद्धा असतील!" दयाळीण ओरडली. पिल्लू भुर्रकन उडालं. बापाने फुगवलेला गळा तसाच खाली केला. मला इथे फार वाईट वाटतं, मुलांनो. पण बोधकथेत वाईट वाटायला जागा नसते, म्हणून पुढे जाऊ.

सावरीवर रेंज होती, पण लहरी होती. सर मधेच अडखळायचे, मधेच गोठायचे, मधेच नाहीसे व्हायचे. गंधार मात्र एक क्षण नजर हलवायचा नाही. दयाळाचं पिल्लू जे ऐकतं, जे बघतं, ते जसंच्या तसं उचलतं. त्या जातीचा गुणच तो.

चैत्र आला. ओढ्यापलीकडचा दयाळही आला. या जांभळावर इतक्यात कुणी गाताना त्याने ऐकलंच नव्हतं. आता इथे कुणी राहत नसावं असं समजून तो शेंड्यावर बसला आणि गायला. गाणं बेताचंच होतं. पण होतं.

बाप दयाळ वर निघाला.

"तुम्ही कुठे?" दयाळीण म्हणाली. "शिकलेला मुलगा घरात असताना बापाने गायचं? हसतील चार जण. गंधार, जा बाळा."

गंधार शेंड्यावर गेला. सारं जंगल जमलं.

"साऽऽ," त्याने सूर लावला. इतका सुरेख, की बापाचे डोळे भरून आले.

"रेऽऽ. ग ग ग ग ग ग..."

आणि तो थांबला. चोच उघडी, एक पंख अर्धा वर, डोळे समोर खिळलेले. जंगलाने वाट पाहिली. खारीला वाटलं, गेलं बिचारं.

"हॅलो? आवाज येतोय का?" गंधार म्हणाला. मग एका दमात "मपधनीसा" संपवलं. मग म्हणाला, "थांबा, मी बाहेर जाऊन परत येतो." झाडावरून उडाला, एक फेरी मारली आणि परत येऊन बसला. "हं. कुठे होतो आपण?"

"झालं?" पाहुण्या दयाळाने विचारलं.

"ही नवी गायकी आहे, भावजी," दयाळीण म्हणाली. "तुम्हाला कळायची नाही."

"नसेल कळत, वहिनी. ढोली तेवढी मोकळी करा."

तेव्हा बापाने चोच उघडली. सगळा जीव गोळा करून उघडली. घशातून नुसती हवा आली.

कुटुंब सावरीवर राहायला गेलं. तिथे ढोली नाही, सावली नाही. दुपारी फांद्या तापतात. पण दयाळीण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "रेंज अगदी दारात आहे."

पोपटसरांनी गंधारला 'महागायक' ही पदवी दिली. आता तो स्वतःच क्लास घेतो. त्याच्याकडे पहिलं नाव कुणी घातलं असेल? जांभूळ जिंकलेल्या दयाळाच्या बायकोने, आपल्या पिल्लाचं.

"याचे बाबा गातात बरं," ती म्हणाली. "पण शेवटी ते घरचंच."

"कळलं, काकू," गंधार म्हणाला. "चला, सा म्हणा, सा... अरे, मागे कोण ओरडतंय?"

आता त्या जंगलात पहाट होते, पण ती झाल्याचं कुणाला कळत नाही. एक म्हातारा दयाळ तेवढा सावरीच्या टोकावर बसून पूर्वेकडे चोच उघडतो आणि मिटतो.

तात्पर्य: मुलाला गाणं शिकवायचं असेल, तर आधी बापाला म्यूट करावं. झाड गेलं तर जाऊ द्यावं, रेंज जाऊ देऊ नये.